डिलाईल रोडचा भोंगा आणि आमची सरासरी

माझी आई शेवटपर्यंत शेजारपाजारच्यांना सांगत असे, "आमची नली मुलांची डोकी मोजते." त्यावर गिरगावातल्या बायका माझ्या हाताकडे बघायच्या, म्हणजे टेप दिसते का ते. मी एकदोनदा समजावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. लग्न न केलेली मुलगी रोज कचेरीत जाते, एवढंच त्यांना पचत नव्हतं. त्यात गुणांकनाचं शास्त्र कुठे कालवू?

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "प्रधानबाई, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आकडे नकोत." हे म्हणजे हलवायाला साखरेशिवाय पेढे कर म्हणून सांगण्यासारखं झालं. तरी बघते जमतंय का.

आमचं केंद्र चर्नी रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली छापखाना, वर आम्ही. यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप घरंगळायच्या. काम असं, की प्रमाणित कसोट्या तयार करायच्या, शाळाशाळांतून सातवीच्या मुलांना द्यायच्या आणि आलेल्या गुणांचा अर्थ लावायचा. प्रमाणित म्हणजे काय, तर सगळ्यांना तोच कागद, तीच वेळ, सूचनाही त्याच. सूचना छापील असायच्या आणि शब्दसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. मुंबईतल्या मुलाला "बाळ, घाबरू नकोस" म्हटलं आणि अमरावतीच्या मुलाला म्हटलं नाही, तर तुलना कसली करणार? इथवर सगळं सोपं आहे. अवघड भाग पुढे, गुण हातात आल्यावर. एखाद्या गटाची सरासरी कमी आली की ती का कमी आली, हे सरासरी कधी सांगत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ते खरं, पण शीत कुठल्या पातेल्यातलं आणि चुलीवर पाणी कोणी ओतलं, हे विचारावं लागतं. आमच्या साहेबांचं हे आवडतं वाक्य. साहेब विलायतेत शिकून आलेले, धोतर-कोट घालणारे, आवाज कधी न चढवणारे. वेळेच्या बाबतीत इतके काटेकोर की छापखान्याचा फोरमन त्यांच्या येण्यावर घड्याळ लावी.

ते दिवस द्वैभाषिक राज्याचे. विदर्भ आणि मराठवाडा नव्याने येऊन मिळाले होते, गुजरात सोबत होता, आणि मुंबई कोणाची यावर रस्त्यांत रोज कुठे ना कुठे सभा. मी स्वतः संध्याकाळी कचेरी सुटली की घोषणा द्यायला जायची. घसा बसायचा. सकाळी साहेब विचारायचे, "काय प्रधान, थंड पाणी प्यालात वाटतं?" मी म्हणायची, "हो सर." त्यांना सगळं ठाऊक असायचं.

राज्य मोठं झालं तशी आमची कसोटीही लांब लांब गेली आणि गमती सुरू झाल्या. एका भागात अपुरी चित्रं असायची. चित्रात काय राहिलंय ते मुलांनी लिहायचं. त्यात एक ट्राम होती, वरच्या तारेला टेकणारा दांडा काढून टाकलेली. मुंबईच्या पोरांनी डोळे मिटून उत्तर दिलं. परभणीकडची पानं आली तर ओळीने सगळ्यांचं एकच उत्तर, "घोडे नाहीत." उत्तरसूचीप्रमाणे शून्य. आमच्याकडचे दामले, मूळचे सदाशिव पेठेतले, परीक्षा घ्यायला गावोगाव तेच जायचे, ते म्हणाले, "निरीक्षणशक्ती कमी पडते तिकडे." साहेबांनी चष्मा काढला. "दामले, रस्त्यावर गाडी उभी आहे आणि ओढायला कोणी नाही. मला सांगा, ज्याने ट्राम पाहिली नाही त्याने याहून शहाणं उत्तर कुठलं द्यायचं?" पुढच्या खेपेला ट्राम काढून आम्ही जू नसलेली बैलगाडी टाकली. परभणीकर पास झाले. मुंबईच्या पोरांनी लिहिलं, "गाडीत पॅसेंजर नाही."

गिऱ्हाइकंही एकेक यायची. खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहणारे एक पेन्शनर भाचीसाठी स्थळ आलेल्या मुलालाच घेऊन आले. पत्रिका जुळत होती, आता बुद्धीचं तेवढं लिहून द्या म्हणाले. मुलगा बिचारा घाम पुसत खुर्चीत बसलेला. मी म्हटलं, "आमची कसोटी सातवीच्या मुलांची आहे." तर म्हणतात, "चालेल हो, नाहीतरी तो बँकेत आहे."

एकदा एकाच आठवड्यात दोघे आले. आधी चळवळीतले एक कार्यकर्ते, माझ्या ओळखीचे, सभेत माझ्या पुढे उभे राहायचे. त्यांना मराठी मुलं आणि गुजराती मुलं यांच्या गुणांचा तक्ता हवा होता. मराठी वर असतील तर सभेत सांगायचं होतं. दोन दिवसांनी एक शेठ आले. अतिशय सभ्य माणूस. त्यांनाही तोच तक्ता हवा होता, उलट्या आशेने. साहेबांनी दोघांनाही एकच सांगितलं, की दोन भाषांच्या सरासरीत जेवढा फरक आहे त्याहून कितीतरी जास्त फरक एका बाकावर बसणाऱ्या दोन मराठी पोरांमध्ये आहे. शेठ हसले आणि नमस्कार करून गेले. कार्यकर्ते म्हणाले, "म्हणजे उपयोग नाही."

"नाही," साहेब म्हणाले.

"मग चहा तरी सांगा."

खरं सांगते, तो तक्ता मराठीच्या बाजूने असता तर मलाही गुदगुल्या झाल्या असत्या. माणूस आकड्याकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा उत्तर खिशात घालूनच जातो. हे मी साहेबांकडून शिकले, आणि पुरतं शिकायला मला डिलाईल रोडपर्यंत जावं लागलं.

झालं असं. गिरणगावात हायस्कुलं कमी. डिलाईल रोडच्या एका शाळेत सातवीपर्यंतचेच वर्ग होते. पुढे शिकायचं तर दादरला नाहीतर परळच्या पलीकडे जायचं. मुलगे एखाद वेळेस जायचे, मुलींना कोणी पाठवत नसे. कुठल्या शाळेत आठवी उघडायची हे ठरवायला एक समिती बसली होती आणि तिने आमच्या कसोटीचा अहवाल मागवला होता. मुलं पुढच्या शिक्षणाला लायक दिसली तर आठवी द्यायची, नाहीतर त्या जागी सुतारकाम आणि शिवणकामाचा वर्ग.

त्या शाळेतली बहुतेक मुलं आजूबाजूच्या चाळींतली, कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांची. धम्मदीक्षेला फार काळ लोटला नव्हता. दामल्यांनी माहितीचे रकाने भरताना धर्म विचारला तर मुलांनी छाती काढून सांगितलं, "बौद्ध." आमच्या छापील कागदावर तो रकाना नव्हता. दामल्यांनी त्यांना 'इतर'मध्ये टाकलं. 'इतर'मध्ये तोवर ज्यू, पारशी अशी मोजकी मुलं असायची आणि त्या गटाची सरासरी चांगली असायची. त्या वर्षी ती एकदम घसरली. बाकीचे गट जागच्या जागी, आणि 'इतर' खाली गेलेला.

समितीत एक वजनदार गृहस्थ होते. कच्चा तक्ता पाहायला ते स्वतः आमच्याकडे आले. 'इतर'मध्ये कोण ते त्यांनी दामल्यांकडून काढून घेतलं आणि कोटाचं बटण लावत म्हणाले, "बघा, धर्म बदलला म्हणून अक्कल येत नाही. तुमचे आकडेच सांगतायत. यांना रंधा आणि सुई द्या, सुखी होतील."

माझं डोकं सणकलं. साहेब एवढंच म्हणाले, "अहवाल अजून पुरा झालेला नाही." गृहस्थांनी तारीख विचारली. साहेबांनी सांगितली. ते गेले.

मी त्या शाळेचे कागद काढून बसले. पहिला भाग ठीक. दुसरा ठीक, मुंबईच्या इतर मुलांसारखाच. तिसरा भाग गणिताचा, आणि त्यात सगळी मुलं मध्यावर थांबलेली. हुशार चारदोन गणितं पुढे, मंद मागे, पण पुढचं पान सगळ्यांचं कोरं. दामल्यांनी शेरा लिहिला होता, "मुलांनी वेळेआधीच पेन्सिली खाली ठेवल्या. चिकाटीचा अभाव." दामले खोटं लिहिणारे गृहस्थ नव्हते. डोळ्यांनी दिसलं ते त्यांनी लिहिलं होतं.

"सगळ्यांनी एकदमच ठेवल्या?" मी विचारलं.

"एकदम. आणि हाताची घडी घालून बसले. मी थांबा म्हटलं नव्हतं. मला वाटलं, कंटाळले."

वर्गभर मुलं एकाच क्षणी कंटाळतात, हे काही माझ्या गळी उतरेना. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन या. पण प्रधान, ती मुलं हुशार निघावीत म्हणून जाऊ नका. काय झालं ते बघायला जा."

मी बसने डिलाईल रोडला उतरले. शाळा एका गिरणीच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून. सातवीचा वर्ग जाधव गुरुजींचा. गुरुजी त्याच वस्तीतले, समोरच्या चाळीत राहणारे, कडक इस्त्रीचा सदरा आणि अतिशय स्वच्छ मराठी. मी कोण ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "बाई, निकाल वाईट आहे ना?" मी म्हटलं, "निकाल लागायचाय. मी नुसती मागे बसते, तुमचं चालू द्या."

शेवटच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती, हिरा नावाची. तिने सरकून जागा दिली. गुरुजी भूगोल शिकवत होते, मुलं वहीत नकाशा काढत होती. आणि गिरणीचा भोंगा झाला.

मी गिरगावची. भोंगा दुरून ऐकलेला. तिथे तो आवाज भिंतीतून अंगात शिरायचा. पण त्याहून मी पाहत राहिले ते वर्गाकडे. गुरुजी वाक्य अर्धं टाकून गप्प झाले. सगळ्या मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या, हाताची घडी घातली आणि समोर बघत बसली. हिराची गोदावरी नाशिकहून निघून मध्येच थांबली होती. भोंगा संपला तरी कोणी हललं नाही. मग गुरुजींनी मान हलवली आणि मुलं रांगेने बाहेर गेली. काहींना आईबापाचा डबा गिरणीच्या दारावर पोचवायचा असे.

"आमच्याकडे घंटा नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याच्या दारात एवढा भोंगा आहे त्याने घंटा कशाला घ्यायची? त्या आवाजात शिकवता येत नाही, आणि पाळी सुटते तेव्हा मुलं धावली तर गर्दीत सापडतात. म्हणून मी पहिलीपासून शिस्त लावलीय. भोंगा झाला की लेखणी खाली, हाताची घडी. पोटच्या पोरांना लावणार नाही एवढी कडक लावलीय."

"परीक्षेच्या दिवशी तुम्ही होता ना वर्गात?"

"छे, परीक्षा घ्यायला आलेल्या तुमच्या सरांनी मला बाहेर काढलं. नियम आहे म्हणाले."

नियम होताच. वर्गशिक्षकाने कसोटीच्या वेळी वर्गात थांबायचं नाही, हा आमचाच नियम.

मी हिराला हाक मारली. डबा घेऊन निघाली होती ती. "त्या दिवशी गणितं चालू असताना भोंगा झाला का गं?"

"हो."

"मग नंतर परत का नाही सोडवलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, एवढं साधं मला कळत नाही म्हणून. "त्या सरांनी सांगितलेलं, एकदा खाली ठेवलेली पेन्सिल परत उचलायची नाही."

हीही आमचीच सूचना, छापील. कोणी उत्तरं फिरवू नयेत म्हणून होती.

"येत होती का पुढची गणितं?"

"येत होती. पण सर आमच्याकडे बघत होते. आम्हाला वाटलं, शिस्त बघतायत."

मी परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. रडू येत होतं आणि कंडक्टरला दिसू द्यायचं नव्हतं. मुलांनी दोन्ही नियम पाळले होते, गुरुजींचा आणि आमचाही. त्यालाच आम्ही चिकाटीचा अभाव म्हणत होतो.

साहेबांनी ऐकून घेतलं. दामले तिथेच होते. त्यांचा चेहरा पडला. ते एवढंच म्हणाले, "भोंगा मी ऐकला होता. त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटलं नाही." कसोटीची जुळी प्रत आमच्याकडे असायची, तितकीच सोपी-अवघड, प्रश्न वेगळे. ती देऊन पुन्हा परीक्षा घ्यावी असं मी म्हटलं. साहेब लगेच हो म्हणाले नाहीत. एका शाळेला दुसरी संधी दिली तर बाकीच्या शाळांनी काय घोडं मारलंय, हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि बरोबरच विचारला. म्हणून दामले आणि मी बसून सगळ्या गिरणगावातल्या शाळांचे कागद तपासले. असं मध्यावर तुटलेलं दुसरीकडे कुठे सापडलं नाही. त्यांच्याकडे घंटा होत्या. तेव्हा कुठे साहेबांनी परवानगी दिली.

दिवस ठरला, आणि नेमका त्याच दिवसासाठी चळवळीचा हरताळ जाहीर झाला. माझ्या मनात आलं, गिरण्या बंद, भोंगा नाही, याहून चांगला मुहूर्त कुठला? मी तसं गुरुजींना जाऊन सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, त्या दिवशी शाळा उघडली तर चाळ मला उभं करणार नाही. आणि मलाही ते करायचं नाही. परीक्षा पुढे ढकलता येते, हरताळ ढकलता येत नाही." रोज संध्याकाळी घोषणा देणारी मी, आणि मला हे त्यांनी सांगावं. मान खाली घालून परत आले.

पण परीक्षा पुढे गेली तर अहवालाची तारीख उलटत होती. साहेबांनी दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि वजनदार गृहस्थ निरोपावर निरोप पाठवत होते. अशात एके सकाळी साहेब आले नाहीत. चपराशी चिठ्ठी घेऊन आला, कंबर धरली आहे, आठवडाभर येता येणार नाही. साहेबांच्या सहीशिवाय अहवाल जाऊ शकत नव्हता. मी समाचाराला त्यांच्या घरी गेले तर साहेब स्टुलावर चढून माळ्यावरच्या बरण्या काढत होते. मला बघून खाली उतरले आणि कमरेला हात लावला. "बसा," म्हणाले. "चहा घ्या. परीक्षा कधी आहे?"

परीक्षा झाली. दामले स्वतः गेले, हट्टाने. दोन भोंग्यांच्या मधली वेळ गाठून सुरुवात केली आणि पुढच्या भोंग्याआधी शेवटचं "थांबा" म्हटलं. कागद आले ते मी तपासायला घेतले. आता कबूल करायला हरकत नाही, मला ती मुलं सगळ्या मुंबईच्या वर यायला हवी होती. त्या गृहस्थांच्या तोंडावर फेकावं असं काहीतरी हवं होतं. बेरीज केली, पुन्हा केली. सरासरी मुंबईच्या सरासरीएवढी. हुशार होती, मध्यम होती, ढ होती. गिरगावात असतात तशीच आणि तेवढीच.

मी तोंड पाडून साहेबांसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, "तुम्हाला काय हवं होतं, प्रधान? वरचढ निघाली तरच त्यांना शाळा मिळावी, असं तुमचंही मत आहे का?" हा प्रश्न मला आजतागायत पुरला आहे.

अहवालात एकच वाक्य गेलं. या शाळेतील मुलांची गुणवत्ता शहरातील मुलांप्रमाणेच सर्वसाधारण आहे. त्याखाली भोंग्याची हकिकत, साध्या शब्दांत. गृहस्थांनी बरीच खळखळ केली, पण सर्वसाधारण मुलांना आठवी नाकारायची तर गिरगाव-दादरच्या निम्म्या आठव्या बंद कराव्या लागल्या असत्या. जूनपासून वर्ग मंजूर झाला.

पुढच्या वर्षी साहेबांनी कागदावर 'बौद्ध' असा वेगळा रकाना छापून घेतला. मानाने घेतला. पण पुढे कितीतरी लोकांना मी त्याच रकान्यावर बोट ठेवून मान हलवताना पाहिलं, तेव्हा 'इतर' बरं होतं की काय असं वाटायचं. याचं उत्तर मला सापडलं नाही. आणि दुसरी टोचणी ही, की डिलाईल रोडचा भोंगा मोठा होता म्हणून आम्हाला तो उशिरा का होईना ऐकू आला. बाकी किती शाळांतून, किती जिल्ह्यांतून, आमच्या कानावर न आलेलं काय काय वाजत असेल आणि आम्ही त्याला सरासरी म्हणून मोकळे झालो असू, कोण जाणे. आता तर गिरण्याच गेल्या. विचारणार कोणाला?

मंजुरीचं कळल्यावर गुरुजींनी मला चाळीत बोलावलं. संध्याकाळी अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. पाळी सुटून आलेली माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बायका. गुरुजी उभे राहिले आणि अहवालातलं ते एकच वाक्य त्यांनी खणखणीत वाचलं. "सर्वसाधारण" या शब्दावर टाळ्या पडल्या. असल्या शब्दाला टाळ्या पडताना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

हिराची आई, सोनाबाई, गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात कामाला होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली. केसांत अजून सुताचे कण होते. हळूच म्हणाली, "बाय, सर्वसाधारण म्हंजे काय वो? कमी का?"

"कमी नाही हो. म्हणजे इतर पोरांसारखी. गिरगावातली, दादरची असतात ना, तशीच."

तिने समोर बसलेल्या हिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आनि एवढ्यासाठी दोनदा परीक्षा घेतलीत होय?"